चिंचखारीचे दात

"आ कर," मी म्हटलं. पोरीनं ओठ घट्ट मिटले आणि आईकडे पाहिलं.

"उघड ना वं तोंड! कंपोटरसाहेब का खाऊन घेतेत तुले?" सुभद्राबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

रुख्मिणीनं तोंड उघडलं. समोरचे दात रक्तानं माखले होते. हिरड्या सोलून निघाल्या होत्या आणि खालच्या ओठाला आतून चीर पडली होती. मी कापसानं रक्त टिपलं. खालून तेच निघालं जे या गावातल्या प्रत्येक पोराच्या तोंडात निघायचं. खडूसारखा पांढरट, खरबरीत दात आणि त्यावर आडवे तपकिरी पट्टे.

"कशानं घासले?"

"विटकरीनं," सुभद्राबाई म्हणाली. "परवा वाळूनं घासले. त्याच्या आंधी राखुंडीनं. डाग जातच नाहीत ना जी."

"अहो, जित्या पोरीचं तोंड आहे हे! भांडं आहे का घासायला?" मी ओरडलो. मी तेव्हाही ओरडायचो, आताही ओरडतो. माझ्या हातून चांगलं फार कमी झालं आणि ओरडणं मात्र पुष्कळ झालं.

ती बाई काही कमी नव्हती. तिनं आवाज माझ्यावर चढवला. "मंग काय करू? शुक्रवारी पाहुणे येऊन राह्यले, जळगावाकडचे. आंधीचे दोघं आले अन् तोंड पाहून चालले गेले. एकानं तर बैलाचे पाह्यतेत तसे ओठ वर करून पाह्यले माह्या पोरीचे! आता तिसरे येऊन राह्यले. तुमच्याजोळ काही तेजाब-बिजाब असन तं लावा, नाहीतं मी विटकरच घासतो."

रुख्मिणी चौदा वर्षांची होती. ओठ वर करून दात पाहिल्याची गोष्ट आई सांगत होती तेव्हा ती दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला बोलताना तोंडावर हात धरायची सवय होती. चिंचखारीतल्या सगळ्याच पोरींना होती.

मी शालिग्राम. वऱ्हाडातल्या जळगाव तालुक्यात पूर्णेपासून कोसभर अंतरावर चिंचखारी म्हणून गाव आहे, तिथल्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमचा कारभार नागपूरहून चालायचा. डॉक्टर फक्त मंगळवारी यायचे. उरलेले सहा दिवस मलमपट्टी, कुनैन, जुलाबाचं औषध आणि लोकांच्या शिव्या माझ्या वाट्याला. मी डॉक्टर नाही हे मला ठाऊक होतं आणि डॉक्टर ते मला विसरू देत नसत.

"चिंचखारीचे दात" ही आसपासच्या बाजारात शिवी होती. कुणी तोंड वाकडं करून हसला की म्हणायचे, काऊन बे, चिंचखारीचा आहेस काय? पोरांचे दुधाचे दात शुभ्र असत. ते पडून सातव्या-आठव्या वर्षी कायमचे दात आले की बिघडलेलेच येत. शाळेत मास्तर रोज रांगेत उभं करून दात तपासायचे आणि डाग दिसला की हातावर छडी. आळशी, घाणेरडी, दात न घासणारी पोरं, असा त्यांचा ठाम समज होता. ती बिचारी कडूनिंबाची काडी चावून चावून जबडे दुखवून घ्यायची आणि तरी छडी खायची.

मोठ्यांचं झाकून जायचं. पुरुषांच्या तोंडात तंबाखू. आणि बायका लग्न झालं की दातवण लावत. हिरडा, लोखंडाचा कीस असं काहीबाही घालून केलेली ती काळी पूड दातांवर चोळली की सगळे दात काळेभोर होत. काळे दात हे सवाष्णीचं लेणं. नवरा वारला की कुंकवाबरोबर दातवणही सुटे. शहरात ही चाल तेव्हा मोडत आली होती आणि पाहुण्यांना आता पांढऱ्या दातांच्या मुली हव्या होत्या, पण आमच्याकडे पन्नाशीतल्या सगळ्या बायकांचे दात काळे होते. त्या काळ्याखाली काय आहे ते कुणी पाहिलंच नव्हतं.

मीही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सुभद्राबाई माझ्यावर तोंड टाकत असताना माझं लक्ष तिच्या दातांकडे गेलं. सुभद्राबाई चार वर्षांपासून विधवा होती. दातवण कधीच उतरलं होतं आणि आत दुधासारखे पांढरे, गुळगुळीत दात होते. एकही डाग नाही.

"बाई, तुम्ही कुठल्या?" मी मध्येच विचारलं.

"कायले? मी पिंपळगाव राजाची. बारा वर्साची होती तवा लगन होऊन आली."

"आणि मालक?"

"मालक इथलेच. त्याइचे दात असेच, पोरीसारखे. वळण बापावर गेलं तिचं, दुसरं काय!"

मी तिला बसवून ठेवलं, पोरीच्या हिरड्यांना ग्लिसरीन लावलं आणि दुपारी दवाखाना बंद करून गावात निघालो. विधवा बायका शोधायला! लोकांना वाटलं कंपाउंडरला ऊन लागलं. गावात नऊ विधवा भेटल्या. सहा बाहेरगावाहून दिलेल्या, त्यांचे दात पांढरे. तिघी गावातच जन्मलेल्या आणि गावातच दिलेल्या, त्यांचे तपकिरी. वळण बापावर जायला त्या नऊ जणींचा बाप काही एक नव्हता. दात हिरडीच्या आत तयार होत असतो तेव्हा पोर जे पाणी पितं त्यात काहीतरी होतं. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. पण गावाला पाणी एकच होतं, धर्माच्या विहिरीचं, आणि ते इतकं खारं की त्यात तुरीची डाळ शिजत नसे.

मग मला पाटलांची पोरं आठवली.

उत्तमराव पाटलांच्या घरच्या पाचही पोरांचे दात मोत्यासारखे. गाव म्हणायचं, खानदानी दात आहेत, रक्तच वेगळं. आणि त्या घरी कडूबा नावाचा गडी रोज सकाळी रेड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या हेल्यावर, कातडी पखाल लादून पूर्णेच्या पात्रातल्या झिऱ्याचं गोड पाणी आणून टाकायचा. गावानं वीस वर्षं ती पखाल डोळ्यांसमोरून जाताना पाहिली. पाटलांची पोरं हसली की मान डोलावून रक्ताचं कौतुक केलं. मीही दोन वर्षं तेच केलं. कुणाला, मला सुद्धा, पखालीचा आणि दातांचा संबंध लावावासा वाटला नाही!

संध्याकाळी मी पाटलांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड होतं. त्यांनी मला शेजारी बसवलं, पानाचं तबक पुढं केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"ते पाणी डाळीसाठी आणतो आमी," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्यात डाळ टणटण राह्यते."

"पण पोरं तेच पितात ना?"

"पितेत. अन् दात चांगले हायेत ते खानदानाचे. माह्या आज्याचे मरेपर्यंत बत्तीस होते."

"पाटील, सात-आठ वर्षांखालच्या पोरांपुरतं तरी नदीचं पाणी येऊ द्या. दोन-तीन हेले लागतील. तुम्ही शब्द टाकला तर गाव आळीपाळीनं जाईल. आणि शाळेत एक रांजण ठेवू."

त्यांनी पान चावणं थांबवलं. "शालिग्राम, ते विहीर माह्या बापानं बांधली. दुष्काळात बांधली. लोकं मरून राह्यले होते तवा त्या पाण्यानं जगले. बापाचं नाव हाय तिच्या दगडावर. अन् मी उठून सांगू का लोकाइले, ह्या पाण्यात दोष हाय म्हणून? माह्या जिभेनं?"

"दोष आहे ना पण!"

"तुमी डाक्टर हा का?"

हा प्रश्न आला की मी उठून चालू लागत असे. तेव्हाही तेच केलं. घरी येताना वाटेत ती विहीर लागली. बायका दोर ओढत होत्या आणि एक पाच वर्षांचं पोर काठावर ओंजळीनं पाणी पीत होतं. अजून त्याचे दुधाचे दात होते. ते हसलं माझ्याकडे पाहून. मी त्याच्या हातावर फटका मारला, त्याच्या आईनं मला शिव्या दिल्या, आणि मी पुढे निघालो. एवढंच केलं मी त्या पोरासाठी.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. डॉक्टरांना मी विधवांची यादी दाखवली. ते आधी हसले, मग वैतागले.

"शालिग्राम, तू औषधं घोट. संशोधन करू नकोस. विधवांचे दात मोजत फिरतोस, उद्या कोणी तक्रार केली तर?"

"साहेब, पण ती मुलगी..."

"अरे, डागच घालवायचेत ना? त्या बाटलीतलं ॲसिड पाणी घालून सौम्य कर, काडीला कापूस गुंडाळून दातावर चोळ. वरचा थर निघून जाईल. चकाकतील."

ते ॲसिड पोटाच्या औषधात थेंबाथेंबानं घालायला ठेवलेलं होतं. विहिरीचं मला काही करता येत नव्हतं, पाटलाचं नाही, मास्तरांचं नाही. पोरीच्या दातांचं मात्र लगेच काहीतरी करता येत होतं. आणि मला, खरं सांगतो, काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं.

बुधवारी मी रुख्मिणीला खुर्चीत बसवलं. हिरड्यांना व्हॅसलिन लावलं, ओठाआड कापूस दाबला आणि काडीनं एकेका दातावर तेजाब फिरवलं. दातावर बारीक फेस आला. मग खडूची पूड चोळली आणि सोड्याच्या पाण्यानं चूळ भरायला लावली. पोरगी खुर्चीचे हात धरून बसली होती. तपकिरी पट्टे फिके झाले, मग जवळजवळ गेले. मी तिच्यापुढे आरसा धरला. तिनं आधी तोंडावर हात नेला, मग हात खाली घेतला आणि आरशात पाहत राहिली.

"आई वं," ती म्हणाली, "हे मीच का?"

सुभद्राबाईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी ठेवू दिलं! त्याचा मला अजून संताप येतो.

शुक्रवारी सकाळी त्या दोघी पुन्हा दारात. डाग परत उमटले होते, फिकट, पण दिसण्याजोगे. पाहुणे दुपारी यायचे होते.

"अजून एकडाव लावा जी," सुभद्राबाई म्हणाली. "थोडं जोरानं."

मला कळत होतं. बुधवारीच त्या दातांचा पोत बोटाला वेगळा लागला होता. निरोगी दाताला जे सोसलं असतं ते या भुसभुशीत दातांना सोसणार नव्हतं. मी कंपाउंडरची परीक्षा दिली होती, तेजाब काय करतं ते मला पाठ होतं. मी म्हणायला हवं होतं, नाही. पण बाई हात जोडून उभी होती आणि पोरगी आपण होऊन खुर्चीत जाऊन बसली होती, आ करून. मी बाटली घेतली आणि या वेळी पाणी घातलं नाही.

पाहुण्यांनी तिला पुस्तकातल्या चार ओळी वाचायला लावल्या. वाचता येतं का तेही कळतं आणि दातही दिसतात. रुख्मिणीनं तोंडावर हात न धरता वाचलं. पसंती झाली. तुळशीचं लग्न होताच हिचंही लागलं आणि ती जळगावच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी नांदायला गेली.

बातमी गावभर झाली. त्या वर्षात आणखी अकरा पोरी मी त्या खुर्चीत बसवल्या. पहिलीच्या दातांचं पुढे काय झालं हे पाहायला थांबलोही नाही. लोक आता मला डॉक्टर म्हणायला लागले होते.

पुढच्या उन्हाळ्यात रुख्मिणी आईबरोबर दवाखान्यात आली. तिनं पदर तोंडावर धरला होता. मी "आ कर" म्हटलं नाही, तिनंच पदर काढला. वरच्या चार दातांच्या कडा झिजून, तुटून गेल्या होत्या. उरलेले तपकिरी नव्हते, मळकट पिवळे झाले होते.

"थंड पाणी लागते," ती म्हणाली. "गरमही लागते. हवाही लागते. परवा भाकरीचा पापुद्रा चावला अन् हा तुटला." तिनं पदराची गाठ सोडून दाताचा तुकडा दाखवला. जपून ठेवला होता तिनं तो. कुणास ठाऊक कशाला. मला दाखवायलाच असेल.

"सासरचे काय म्हणतात?"

"म्हणतेत फसवलं. सासू म्हणते, तोंडात दात नाहीत, मातीच्या ठिकऱ्या हायेत." मग ती सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, तुमाले मालूम होतं?"

मी खोटं बोललो नाही, एवढं एकच माझ्या बाजूनं सांगता येईल. "दुसऱ्या वेळी मालूम होतं," मी म्हणालो.

सुभद्राबाईनं कमरेच्या पिशवीतून एक पितळेची डबी काढली, घासूनपुसून लख्ख केलेली. नवरा वारल्यापासून ती तिनं पेटीच्या तळाशी ठेवली होती. ती तिनं टेबलावर ठेवली आणि बोटानं पोरीकडे सरकवली.

"तूच लाव," ती म्हणाली. "माह्या हातानं नाही चालत."

रुख्मिणीनं तीच खुर्ची घेतली. माझा आरसा मागून घेतला. बोटावर काळी पूड घेऊन ती एकेका दातावर चोळू लागली. कळ येत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी बोट थांबलं नाही. चौदा वर्षांच्या पोरीच्या, म्हणजे आता पंधराच्या, तोंडात म्हाताऱ्या बायकांचं काळं झालं. तुटक्या कडा त्यात दिसेनाशा झाल्या. तिनं चूळ भरली आणि आरसा परत दिला.

"सासूचेही असेच हायेत," ती म्हणाली. "तिले चालन."

त्या संध्याकाळी मी ॲसिडची बाटली दवाखान्यामागच्या खड्ड्यात ओतली आणि वरच्या कचेरीला सविस्तर पत्र लिहिलं. विधवांची यादी, पाटलांची पखाल, रुख्मिणी आणि त्या अकरा पोरी, माझी चूक, सगळं लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. रहिवाशांना दातांच्या स्वच्छतेबद्दल समज द्यावी, असं त्यात होतं, आणि सोबत दंतमंजनाचे दोन मोठे डबे. मास्तरांनी ते शाळेत वाटले. पोरांनी ते धर्माच्या विहिरीच्या पाण्यात कालवून दात घासले! त्यानंतर मी पाटलांकडे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी पान पुढे केलं नाही. शाळेच्या ओट्यावर मी स्वतः एक रांजण ठेवला. सुभद्राबाई सांगण्याची वाट न पाहता रोज नदीवरून दोन घागरी आणून त्यात ओतायची, कोसभर जाऊन कोसभर परत. वर्षभर केलं तिनं, मग गुडघे गेले. शाळेत यायच्या वयापर्यंत निम्मं बिघडून झालेलं असतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

माझी बदली कुणी केली नाही. मी तिथेच म्हातारा होत गेलो.

स्वराज्य येणार येणार म्हणत होते त्या साली, हिवाळ्यात, रुख्मिणी दवाखान्यात आली. तेवीस वर्षांची झाली होती. अंगानं भरली होती. दात काळेभोर, आणि आता ती तोंडावर हात धरत नव्हती. बरोबर सात वर्षांची मुलगी होती.

"ही गीता," ती म्हणाली. "आमच्याकडे ओढ्याचं पाणी हाय, पहाडातलं. मायकडे आली तरी इथलं थेंबभर पिऊ नाही देल्लं हिले. तांब्या भरून संगं आणतो मी."

मग पोरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आ कर, गीते. साहेबाइले दाखव."

पोरीनं जबडा उघडला. खाली समोर दोन नवे दात आले होते, कायमचे. कडेला अजून कातरल्यासारखे बारीक दाते होते त्यांना. पांढरे होते. मला नीट दिसेना. मी चष्मा चढवला, खुर्चीवरून उठलो आणि सवयीनं हात पुढे नेला.

रुख्मिणी मध्ये आली.

"हात नोका लावू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमाले दाखवाले आणली म्हणून आणली. तिथूनच पाहा."

मी हात मागे घेतला आणि तिथूनच पाहिलं.